पडदा आणि कागद यांची रुजवात

ज्या चित्राची अखेरची गती कागद हीच आहे, ते चित्र कागदाला एकदाही स्पर्श न करता जन्मास येते, वाढते आणि तयार होऊन छापखान्याकडे रवानाही होते, अशा काळात आम्ही काम करीत आहोत. आणि म्हणून चित्रकाराने आपल्यासमोरचा पडदा कोणत्या कसोटीवर निवडावा हा प्रश्न मला नुसत्या खरेदीचा कधीच वाटला नाही. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ रंगवीत तेव्हा मूळ चित्र ही एक वस्तू होती. ब्लॉक करणारा कारागीर तिचे रंग पृथक करी, छापणारा मनुष्य ओला कागद तिच्याशेजारी धरून पाही, आणि दोहोंत तफावत पडून तंटा उभा राहिलाच, तर निवाड्याच्या वेळी ती वस्तू जातीने हजर असे. रंगद्रव्याची तुलना रंगद्रव्याशीच होत होती. आज मी करते त्या मुखपृष्ठाची मूळ प्रत दाखवा असे कोणी म्हटले, तर मी काय दाखविणार? संगणकाच्या स्मृतीत काही संख्या साठविलेल्या असतात आणि त्या संख्यांना रंगाचे रूप देणारा एक पडदा माझ्यासमोर असतो. पडदा बदलला की त्याच संख्या निराळे रूप धारण करतात. मूळ प्रत जर कोठे वास करीत असेल तर ती या पडद्याच्या प्रकाशात, आणि तो प्रकाश खोटा असेल तर माझ्याजवळ मूळ असे काही उरतच नाही.

मी या व्यवसायात शिरले ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, मध्यावर. म्हणजे अशा संधिकाळी, की पुण्याच्या नारायण पेठेतील छापखान्यांत एका खोलीत काचेच्या प्रकाशमेजावर ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून चिकटविण्याचे काम चालू असे आणि शेजारच्या खोलीत पेजमेकर व श्रीलिपी यांच्या साहाय्याने तसलीच पाने संगणकावर जुळविली जात. मॉनिटर म्हणजे तेव्हा काचेची एक अवजड नळी होती. ती मेजावर ठेवली की मेजाची अर्धीअधिक जागा व्यापून टाकी, आणि उन्हाळ्यात तिच्या उष्णतेने खोली आणखी तापे. सोनी कंपनीने १९६८ साली पुढे आणलेल्या ट्रिनिट्रॉन नळीचा चित्रकामात मोठा लौकिक होता. तिच्या आतील उभ्या तारांची जाळी थरथरू नये म्हणून एक-दोन अतिसूक्ष्म आडव्या तारा बसविलेल्या असत, त्यांची पुसट सावली पडद्यावर आडवी उमटे, आणि नवखा मनुष्य ती बिघाडाची खूण समजून तक्रार घेऊन येई. पण त्या नळीपाशी एक मोठा गुण होता: तिच्याकडे समोरून पाहा, बाजूने पाहा, उभे राहून पाहा, रंग आपल्या जागेवरून ढळत नसे. ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटे की तिला गुण म्हणावे हेही तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे सपाट पडदे आले, मेजे मोकळी झाली, विजेचा खर्च उतरला, आणि त्या आनंदात काय हातचे गेले याचा हिशेब बराच काळ कोणी मांडला नाही. स्वस्त सपाट पडद्यांत टीएन जातीचे पटल असे; त्याच्यासमोर डोके चार बोटे खाली नेले की चित्रातील स्त्रीच्या चेहऱ्याचा वर्ण पालटे आणि डोके वर उचलले की सावलीतील सारे बारकावे राखेसारखे फिके पडत. अंकाच्या संपादिका माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "ही पार्श्वभूमी थोडी गडद करा, बाई," आणि मला कळत असे की त्या जो रंग पाहत आहेत तो मला दिसत नाही आणि मला दिसतो तो त्यांना दिसत नाही. दोन माणसांना एकाच वस्तूविषयी बोलायचे असेल तर ती वस्तू दोघांसमोर एकच असली पाहिजे, ही अगदी प्राथमिक अट तेथे मोडली होती. या दोषावरचा उपाय हिताची कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९९६ सालीच आयपीएस पटलाच्या रूपाने काढला होता. त्यात द्रवस्फटिकाचे कण पटलाच्या पातळीतच वळतात, आणि त्यामुळे कोन बदलला तरी रंग फारसा हलत नाही. ते पटल सामान्य चित्रकाराच्या आवाक्यात येण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. आज मला कोणी विचारले की पडदा घेताना पहिली अट कोणती, तर मी निःशंकपणे सांगेन की पटल आयपीएस जातीचे असावे. बाकीच्या अटींविषयी तारतम्य चालते, या अटीविषयी नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ओळीने मांडलेले मॉनिटर पाहत हिंडताना एक गोष्ट माझ्या मनावर ठसली, की दुकानातील पडदा हा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना जिंकण्यासाठी लावलेला असतो. त्यावर पोपट, जास्वंद, काचेसारखे समुद्र आणि रात्रीची रोषणाई यांची चित्रे फिरत असतात, तेजस्विता शेवटच्या टोकापर्यंत चढविलेली असते, आणि शेजारच्या पडद्याहून जो अधिक झगमगतो तोच अधिक चांगला असा समज पाहणाराच्या नकळत दृढ होत जातो. अशा चित्रांवरून परीक्षा होऊच शकत नाही, कारण त्या पोपटाचा खरा हिरवा कोणता हे पाहणाराला ठाऊकच नसते. म्हणून मी खरेदीस निघताना स्वतःचा मजकूर बरोबर नेते: आपण स्वतः केलेले आणि छापून आलेले एक मुखपृष्ठ, त्याची संगणकावरील प्रत, सावळ्या वर्णाच्या माणसाचे उजेडात टिपलेले एक छायाचित्र, मराठी मजकुराचे एक पान, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू चढत जाणाऱ्या करड्या रंगाची एक पट्टी. या सर्वांत जास्त उपयोगी पडते ती करडी पट्टी. लाल थोडा अधिक लाल झाला तर डोळा त्याला क्षमा करतो. परंतु करड्यात कोठे हिरवट किंवा गुलाबी झाक शिरली, किंवा पट्टी सरळ न चढता मध्येच पायरीसारखी तुटली, तर त्या पडद्याचा स्वभाव तेथल्या तेथे उघडा पडतो. दुकानदार प्रथम नाखूश असतो. पण पडद्याच्या यादीतून तेजस्विता उतरवून ही पट्टी लावली, की तोही वाकून पाहू लागतो असा माझा अनुभव आहे.

आता रंगांच्या विस्ताराचा प्रश्न. पडद्याच्या खोक्यावर एसआरजीबी आणि अॅडोबी आरजीबी ही दोन नावे टक्केवारीसह छापलेली असतात. पहिले प्रमाण १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडले, आणि ते त्या काळच्या सामान्य नळीच्या पडद्यावरून बेतलेले होते. दुसरे १९९८ चे, आणि त्यात हिरव्या-निळ्या बाजूचा प्रदेश मुद्दाम वाढविलेला आहे. जे काम पडद्यावरच दिसणार आणि पडद्यावरच संपणार, त्याला पहिले प्रमाण पूर्णपणे पुरते. छपाईची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. लोक समजतात की पडद्यावर सगळे रंग असतात आणि छपाईत त्यांतले थोडे उतरतात; वस्तुतः दोन्ही प्रदेश एकमेकांत पुरते मावत नाहीत. पडद्यावरचा शुद्ध निळा शाईत गेला की जांभळा पडतो, झेंडूच्या केशरी रंगातील तेज मॅपलिथो कागदावर विझते, हे तर प्रत्येक मुखपृष्ठकार जाणतो. परंतु उलट बाजूने, उत्तम आर्ट पेपरवर सायन शाई जो स्वच्छ आकाशी निळा उमटविते, तो एसआरजीबीच्या मर्यादेतील पडद्याला दाखविताच येत नाही. म्हणजे तेथे कागद धनवान आहे आणि पडदा दरिद्री. कोकणच्या किनाऱ्याचे चित्र करताना माझ्या हे प्रत्ययास आले, की पडद्यावर जे पाणी मला मळकट वाटत होते आणि ज्यात मी आणखी निळा ओतू पाहत होते, ते कागदावर मुळातच निर्मळ होते. अशा कामासाठी अॅडोबी आरजीबीचा बहुतांश प्रदेश व्यापणारा पडदा घेणे युक्त आहे. मात्र विस्तृत पडदा हा शिस्त मागतो: जी प्रणाली रंगांचे व्यवस्थापन करीत नाही ती साध्या चित्राच्या संख्या या मोठ्या प्रदेशावर ताणून पसरते, आणि मग प्रत्येक चेहरा ज्वर आल्यासारखा तांबूस दिसू लागतो. ज्याला ही शिस्त पाळायची नाही, त्याने विस्तृत पडद्याच्या मोहात पडू नये.

तेजस्वितेविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण छपाईच्या कामातील बहुतेक फिर्यादींचे मूळ मला येथे सापडले आहे. पडदा कारखान्यातून येतो तेव्हा त्याची तेजस्विता प्रति चौरस मीटर २५० ते ३५० कँडेलापर्यंत लावलेली असते. छपाईसाठी चित्र करणाराला ८० ते १२० यांच्या दरम्यान ती पुरेशी होते. अतितेजस्वी पडद्यावर बसलेला चित्रकार सावल्या खोल करीत जातो, कारण त्या त्याला उघड्या दिसत असतात, आणि छापून आलेला अंक हाती पडला की त्यातील सगळी चित्रे काळवंडलेली असतात. मग दोष यंत्राला, शाईला, मशीनमनला. मी ज्या छापखान्यात उमेदवारी केली तेथे एक वृद्ध मशीनमन होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. असाच एक काळवंडलेला फर्मा घेऊन एक तरुण चित्रकार त्यांच्यापुढे उभा राहिला तेव्हा मामांनी तो कागद खिडकीशी नेऊन पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "दादा, तुमच्या पडद्याच्या पाठीमागे दिवा लावलेला असतो. माझ्या कागदाच्या मागं दिवा नाही." एवढ्या वाक्यात त्यांनी जे सांगितले त्याहून अधिक मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचावयास मिळाले नाही. कागद स्वतः प्रकाशत नाही. खोलीत असेल तेवढाच प्रकाश तो परत करतो.

आणि म्हणून पडद्याच्या निवडीचा विचार खोलीपासून सुरू केला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे बहुधा श्रावण-भाद्रपदात तयार होतात, आणि त्या दिवसांत आभाळ घटकेत काळवंडते, घटकेत उन्हाची तिरीप फेकते. खिडकीशेजारी बसलेल्या चित्रकाराचा पडदा तोच असला तरी त्याचा डोळा दर घटकेला निराळा होत असतो. पॅरिसच्या गोब्लँ येथील सुप्रसिद्ध विणकाम-कारखान्यात रंगशाळेचे प्रमुख असलेल्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळ्या रंगाच्या फिकेपणाची तक्रार आली होती. शोध घेता त्यांना आढळले की रंगात काही उणे नव्हते, शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो काळा डोळ्याला उतरलेला दिसत होता, आणि १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी शेजारच्या रंगांच्या या परस्पर-परिणामाची सांगोपांग मीमांसा केली. जो न्याय गालिच्याच्या धाग्याला तोच माझ्या पडद्याला. पडद्यामागची भिंत पिवळ्या रंगाची असेल तर माझा डोळा त्या पिवळ्याची भरपाई करण्यासाठी चित्रात निळा शोधू लागतो. मी माझ्या कामाच्या खोलीतील ती भिंत निर्विकार करड्या रंगाने रंगवून घेतली, खिडकीला जाड पडदा लावला, आणि छापील कागद पाहण्यासाठी मेजाच्या बाजूला ५००० केल्विन वर्णतापमानाचा, रंग प्रामाणिकपणे दाखविणारा दिवा बसविला. मुद्रण-व्यवसायात छापील नमुने पाहण्यासाठी हेच वर्णतापमान प्रमाण मानले जाते. या तजविजीला जो खर्च आला तो मॉनिटरच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक होता, आणि तिचा लाभ मात्र त्यानंतरच्या प्रत्येक मॉनिटरला मिळत राहिला. त्या दिव्याखाली कोऱ्या आर्ट पेपरचा तुकडा धरावा आणि पडद्यावरचे कोरे पान त्याच्याशी जुळेपर्यंत तेजस्विता व पांढऱ्याची झाक हलवीत राहावे. पुस्तकात लिहिलेल्या आकड्यापेक्षा या जुळणीवर माझा अधिक विश्वास आहे.

आकार आणि सूक्ष्मता यांच्या बाबतीत आम्हां मराठी मजकूर जुळविणाऱ्यांची गरज इतरांहून थोडी वेगळी आहे. ए-चार आकाराच्या अंकाची समोरासमोरची दोन पाने ४२ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच होतात. २४ इंची, १६ः९ प्रमाणाच्या पडद्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर भरते, म्हणजे आज्ञावलीच्या पट्ट्या वर-खाली बसल्या की ती पाने खऱ्या आकारात मावत नाहीत. त्याच २४ इंचांत १६ः१० प्रमाणाचा पडदा घेतला तर उंची ३२ सेंटिमीटरांवर जाते आणि जोडपान पट्ट्यांसकट सुखाने बसते. दोन-अडीच सेंटिमीटरांचाच हा फरक, पण पान खऱ्या मापात पाहून समासाचा तोल ठरविणे आणि लहान करून अंदाजाने ठरविणे यांत पुष्कळ अंतर आहे. २७ इंची पडद्यात ही अडचण उरत नाही. सूक्ष्मतेचे म्हणाल, तर २४ इंची पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदू असतील तेव्हा एका इंचात सुमारे ९२ बिंदू येतात, आणि १० पॉइंटाच्या अक्षराला उंचीत उणेपुरे १३ बिंदू वाट्यास येतात. रोमन लिपीचे यात कसेबसे निभते. देवनागरीला मात्र तेवढ्याच उंचीत शिरोरेषा, तिच्यावरची वेलांटी किंवा मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर इतका प्रपंच मांडायचा असतो. 'सर्वांनी' हा साधा शब्द घ्या: एकाच कान्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार शेजारी-शेजारी येतात, आणि अशा पडद्यावर ते दोघे मिळून एक काळा ठिपका होतो; अनुस्वार तेथे आहे की नाही याची खातरजमा करण्यासाठी मुद्रितशोधकाला प्रत्येक वेळी पान मोठे करावे लागते. २७ इंची पडद्यावर ३८४० गुणिले २१६० बिंदू असले म्हणजे इंचाला १६३ बिंदू पडतात, त्याच अक्षराला जवळजवळ २३ बिंदू मिळतात, आणि रफार व अनुस्वार वेगवेगळे, आपापल्या वळणासह दिसतात. ज्या लिपीत एका बिंदूने एकवचनाचे अनेकवचन होते, त्या लिपीत काम करणाराने या खर्चात काटकसर करू नये.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपता येतील. प्रत्येक रंगाच्या ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांतून १,६७,७७,२१६ रंग होतात आणि बहुतेक कामाला ते पुरतात. १० बिटांचा पडदा सांजवेळच्या आभाळासारख्या संथ रंगछटांत पट्टे पडू देत नाही, तेवढा त्याचा उपयोग. जे पडदे ६ बिटांचे असून बिंदूंच्या लुकलुकण्याने ८ बिटांचा आभास उत्पन्न करतात, ते चित्रकामास घेऊ नयेत. ओएलईडी पडद्याचा काळा विलक्षण गाढ असतो हे खरे. पण कागदावरच्या शाईचा काळा त्या खोलीला कधीच पोहोचत नसल्याने छपाईवाल्याला ते वैभव काम संपल्यावर चित्रपट पाहतानाच भोगता येते, आणि शिवाय आज्ञावलीच्या स्थिर पट्ट्यांचे डाग त्या पडद्यावर कायम राहण्याचे भय असते. वक्र पडद्यावर शिरोरेषा सरळ आहे की नाही याचा डोळ्याला भरवसा राहत नाही. सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलण्याची जी थोरवी सांगतात ती खेळ खेळणारांसाठी आहे. स्थिर मुखपृष्ठाचा तिच्याशी संबंध नाही.

इतके सारे पाहून घेतलेला पडदासुद्धा आपल्या शब्दाला कायम राहील अशी हमी नसते. त्याच्या पाठीमागचा दिवा महिन्यामहिन्याने मंदावतो आणि त्याची झाक बदलते. म्हणून रंगमापक यंत्र हे मी पडद्याचेच एक अंग मानते. मुठीत मावेल एवढे हे उपकरण पडद्यावर टेकवून ठेवले, की संगणक एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवितो, यंत्र ते मोजते, आणि असावयास हवा होता तो रंग व दिसला तो रंग यांतील अंतराचा तक्ता करून त्या पडद्याचे वर्णनपत्र तयार करते. हे वर्णनपत्र सर्व यंत्रांना एकाच भाषेत वाचता यावे म्हणून १९९३ साली काही कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली. अंतर मोजण्याचे परिमाण डेल्टा ई. ते २ च्या आत असले तर सामान्य डोळ्याला फरक जाणवत नाही. पडदा अर्धा तास चालू राहून स्थिरावल्यानंतरच हे मापन करावे.

परंतु यंत्राचे मापन ही रुजवातीची केवळ एक बाजू झाली. दुसरी बाजू छापखान्यात आहे. ज्या छापखान्यात काम जाणार तेथून त्याच कागदावर, त्याच शाईत छापलेला एखादा फर्मा मी मागून आणते, त्याची मूळ प्रत पडद्यावर उघडते, छापखान्याने दिलेले कागद-शाईचे वर्णनपत्र लावून पडद्याला त्या कागदाची नक्कल करावयास सांगते, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहते. या नकलेत पडदा एकदम मंद होतो, पांढरा पिवळसर पडतो, केशरी उतरतो. प्रथम पाहणाराला वाटते की चित्र बिघडले. माझ्याकडे शिकावयास येणाऱ्या मुली याच क्षणी ती नक्कल बंद करून मूळच्या झगमगाटाकडे परत जाऊ पाहतात, आणि मी त्यांना तेथेच थांबवून म्हणते, "यातच काम करा. वाचकाच्या हातात जे जाणार आहे ते हेच." एकदा त्या मर्यादेत डोळा रुळला की तिच्यातही पुष्कळ करता येते हे त्यांचे त्यांनाच उमगते: केशरीला उठाव देण्यासाठी त्याच्यात आणखी काही ओतावे लागत नाही, त्याच्याभोवतीचा हिरवा थोडा दाबला तरी पुरते. दलालांच्या पिढीला हे ज्ञान ब्लॉकांच्या सहवासातून मिळाले होते; आम्हांला ते पडद्याकडून मिळवायचे आहे, आणि तो खुशामतखोर असेल तर मिळणार नाही.

त्या मुलींपैकी बहुतेकींचा हात आखडता असतो, आणि त्या विचारतात, "ताई, एवढं सगळं परवडणार नसेल तर काय घेऊ?" त्यांना मी सांगते की एसआरजीबीचा पूर्ण प्रदेश दाखविणारा, सपाट, साधा आयपीएस पडदा घ्या, खोक्यावरच्या नावाचा विचार करू नका, उरलेल्या पैशातून रंगमापक घ्या, किंवा दोघी-तिघींत मिळून एक घ्या, कारण ते रोज लागत नाही. कोकणच्या समुद्रासारखे एखादे काम आले तर त्याचा एक छापील नमुना छापखान्याकडून पैसे देऊन काढून घ्यावा, तो विस्तृत पडद्याच्या व्याजापेक्षा स्वस्त पडतो. आणि जुना मॉनिटर भंगारात देऊ नये. रंगाला निकामी झालेला पडदाही, त्याची अक्षरे रेखीव असतील तर, उभा फिरवून मुद्रिते वाचण्यास उत्तम चालतो. माझ्याकडे असा एक आहे, आणि अंकाचा सगळा मजकूर अजून त्याच्यावरच तपासला जातो.